मालमोटारींची जन्मखूण

घोडा कोणाचा, हें ठरवावयाचें कसें? हा प्रश्न हिंदुस्थानच्या राज्यकर्त्यांस फार जुन्या काळापासून पडत आला आहे. अल्लाउद्दीन खिलजीनें आपल्या फौजेंतील घोड्यांस डाग देण्याची चाल पाडली, आणि पुढें अकबरानें तीच चाल अधिक कसोशीनें अंमलांत आणली. घोड्याच्या अंगावर तापल्या लोखंडाचा डाग आणि दप्तरांत स्वाराचा 'चेहरा', म्हणजे त्याच्या रूपाचें लेखी वर्णन, अशी ती दुहेरी व्यवस्था होती. हजिरीच्या दिवशीं दुसऱ्याचा उमदा घोडा आणून उभा करावयाचा आणि काम साधतांच तो परत धाडावयाचा, ही लबाडी मोडण्यासाठीं ती निघाली. अंगावरची खूण आणि दप्तरांतली नोंद यांचा मेळ बसला म्हणजे कोणाची तक्रार राहत नसे. मेळ बसला नाहीं म्हणजे मात्र घोड्यासह स्वारहि संशयांत सापडे.

विसाव्या शतकांत घोड्याची जागा मोटारीनें घेतली, पण प्रश्न जागच्या जागींच राहिला. आजहि अमेरिकेंत एखाद्या शेतावरील कोठारांत तीस-चाळीस वर्षें धूळ खात पडलेली आजोबांची मालमोटार नातवाच्या हातीं येते. तो तिचें इंजिन दुरुस्त करतो, कुजलेल्या फळ्या बदलतो, रंग देतो, आणि मग नोंदणीच्या कचेरींत गेल्यावर त्यास पहिलाच प्रश्न विचारला जातो, "गाडीचा क्रमांक काय?" कागद केव्हांच गहाळ झालेले असतात. क्रमांक दाखवितां आला नाहीं, तर ती गाडी रस्त्यावर आणतां येत नाहीं, विकतां येत नाहीं, आणि आपली म्हणून सिद्धहि करतां येत नाहीं. दोन वर्षांची मेहनत आणि घरची आठवण सांगाड्यावरच्या वीतभर लोखंडापाशीं अडून राहते. हा वीतभर मजकूर कोठें लिहिलेला असतो, तो लपलेला कां असतो, आणि पुसला गेला तरी पुन्हां कसा वाचतां येतो, याची हकीकत मोठी बोधप्रद आहे. तीच आज वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे.

आरंभीं गाडीपेक्षां गाडीवाल्याची ओळख अधिक महत्त्वाची वाटत असे. पॅरिसच्या पोलिसांनीं १८९३ मध्यें मोटारीवर मालकाचें नांव, पत्ता व क्रमांक असलेली पाटी लावण्याचा हुकूम काढला. न्यूयॉर्क राज्यानें १९०१ मध्यें नोंदणी सुरू केली, तेव्हां मालकानें आपल्या नांवाचीं आद्याक्षरें गाडीवर लावावीं एवढीच अपेक्षा होती. मॅसॅच्युसेट्स राज्यानें १९०३ मध्यें सरकारी पाट्या देण्यास प्रारंभ केला, आणि इंग्लंडांत १ जानेवारी १९०४ पासून क्रमांकाची सक्ती झाली. परंतु पाटी ही पागोट्यासारखी आहे. एकाच्या डोक्यावरून काढून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवावयास कितीसा वेळ लागतो? दोन स्क्रू सैल केले कीं गाडीचें नांव बदललें. म्हणून कारखान्यांतच लोखंडावर ठोकलेल्या, सहजासहजीं काढतां न येणाऱ्या क्रमांकास महत्त्व आलें.

या क्रमांकाचा इतिहास पाहावयाचा तर हेन्री फोर्डच्या कारखान्यापासून आरंभ करणें सोयीचें आहे. १९०८ सालीं निघालेल्या 'मॉडेल टी' गाडीचा क्रमांक इंजिनाच्या डाव्या अंगास, पाणी आंत घेणाऱ्या तोंडाच्या वर असलेल्या सपाट जागीं ठोकलेला असे. १९१७ मध्यें याच यंत्रावर चालणारी, एक टन माल वाहणारी 'टीटी' ही मालमोटार निघाली. इंजिनाचा जो क्रमांक तोच गाडीचा क्रमांक, असा साधा हिशेब होता. २६ मे १९२७ रोजीं दीड कोटीवी 'मॉडेल टी' बाहेर पडली, तोंपर्यंत हा हिशेब कोणास फारसा खटकला नाहीं. कारखान्याच्या दृष्टीनें इंजिन हा गाडीचा जीव. सांगाडा म्हणजे दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांस जोडणारे आडवे पट्टे. अनेक अमेरिकन राज्यांच्या नोंदणी-कचेऱ्यांनीं हाच समज उचलला आणि मालकीच्या दाखल्यावर इंजिनाचा क्रमांक लिहिला. एवढ्या साध्या गोष्टीनें पुढच्या दोन पिढ्यांस केवढा ताप होणार आहे, याची त्या कारकुनांस कल्पना असणें शक्य नव्हतें.

मालमोटारीचें आयुष्य कष्टाचें. घरच्या मोटारीस रविवारीं धुऊन पुसून ठेवतात. मालमोटारीवर दगड, लाकूड, धान्य, दुधाचे हंडे लादले जातात. तिचें इंजिन झिजलें म्हणजे शेतकरी दुसऱ्या मोडक्या गाडीचें इंजिन काढून तिच्यांत बसवितो आणि दुसऱ्या दिवशीं कामास लागतो. सांगाडा तोच, मालक तोच; परंतु दाखल्यावर जो क्रमांक आहे तो आतां भंगाराच्या ढिगांत गेलेला असतो. सरकारी दप्तरापुरती ती गाडी नाहींशी झाली, आणि तिच्या जागीं भलतीच गाडी उभी राहिली! शेतकऱ्यास याची दादहि नसते. गाडी गांवांतल्या गांवांत फिरते, कोणी विचारीत नाहीं. तो वारतो, गाडी कोठारांत जाते, आणि अर्ध्या शतकानंतर त्याच्या नातवास कळतें कीं, आपल्या हातांतील जुना कागद एका गाडीचा आणि दारांतील गाडी दुसरीच आहे.

अशा वेळीं उपयोगी पडतो तो सांगाड्यावरील क्रमांक. १९२७ च्या अखेरीस फोर्डनें 'मॉडेल ए' काढलें. तिच्या पहिल्या इंजिनावर 'ए १' हा क्रमांक २० ऑक्टोबर १९२७ रोजीं स्वतः हेन्री फोर्डनें ठोकला. या गाड्यांच्या बांधणींत इंजिनावरील क्रमांकाची नक्कल सांगाड्यावरहि उठविली जात असे. ती जागा चालकाच्या बाजूस, म्हणजे अमेरिकेंत डाव्या तुळईच्या माथ्यावर, बॉनेट संपून वरचा सांटा सुरू होतो त्या सुमारास आहे. सांगाडा उघडा असतांना क्रमांक ठोकला जाई आणि मग त्यावर सांटा बसे. त्यामुळें सांटा उचलल्यावांचून तो दिसतच नाहीं. कित्येक मालकांनीं ती गाडी जन्मभर चालविली, पण आपल्या पायांखालीं तिचें नांव कोरलेलें आहे हें त्यांस ठाऊकहि नव्हतें.

१९३२ मध्यें फोर्डनें आठ सिलिंडरांचें 'व्ही-८' इंजिन आणलें, तेव्हां हा प्रकार अधिक गुंतागुंतीचा झाला. या इंजिनाच्या धडावर गाडीचा क्रमांक नसे. तो गिअरपेटीच्या माथ्यावर असे, आणि त्याची नक्कल डाव्या तुळईवर पुढें, मध्यें व मागें अशी तीन ठिकाणीं ठोकलेली असे. त्यांपैकीं पुढची जागा कांहीं गाड्यांत बॉनेट उघडून चाचपतां येते. बाकीच्यांसाठीं सांटा हलवावा लागतो. क्रमांकाच्या आरंभीं व शेवटीं एकेक तारा ठोकलेला असे. हा तारा निव्वळ शोभेचा समजूं नये. हुंडीवर रकमेच्या मागें-पुढें रेघ ओढतात, त्याप्रमाणें या दोन ताऱ्यांमुळें क्रमांकाच्या आधीं वा नंतर एखादा आंकडा वाढवितां येत नाहीं. १९४८ मध्यें 'एफ' मालिकेच्या मालमोटारी निघाल्या, तेव्हां ही जागा उजव्या तुळईवर गेली. म्हणून जुन्या गाडीचा क्रमांक शोधणाऱ्यास प्रथम तिचें साल ठरवावें लागतें, नाहींतर तो चुकीच्या बाजूस दिवसचे दिवस गंज खरवडीत बसतो.

क्रमांक असा आडजागीं असण्याचें एक कारण बांधणीच्या क्रमांत आहे, हें वर आलेंच. दुसरें कारण चोर. मोटारी स्वस्त झाल्या तशा मोटारींच्या चोऱ्याहि वाढल्या, आणि एका राज्यांत चोरलेली गाडी रातोरात दुसऱ्या राज्यांत नेऊन विकणें सोपें झालें. तेव्हां १९१९ मध्यें अमेरिकन काँग्रेसनें 'डायर ॲक्ट' या नांवानें ओळखला जाणारा कायदा केला आणि चोरलेली मोटार राज्याच्या हद्दीपार नेणें हा मध्यवर्ती सरकारचा गुन्हा ठरविला. विमा कंपन्यांनींहि चोरीच्या मोटारींचा माग काढण्यासाठीं आपली स्वतंत्र संस्था उभारली होती. दर्शनी क्रमांक खोडला तरी आंत कोठेंतरी दुसरा असावा, आणि त्याची जागा फक्त कारखानदार, ही संस्था व पोलीस यांसच ठाऊक असावी, अशी पद्धत हळूहळू रूढ झाली. गुप्त क्रमांकाच्या जागा म्हणूनच कोणत्याहि पुस्तकांत छापलेल्या सांपडत नाहींत. सांटा बसल्यामुळें झांकला गेलेला क्रमांक आणि बुद्ध्या गुप्त ठेवलेला क्रमांक या दोन गोष्टी निराळ्या आहेत. पहिला मालकानें शोधावा. दुसरा शोधण्याचें काम पोलिसांचें.

दुसऱ्या महायुद्धानें या प्रकरणांत आणखी एक अध्याय घातला. आपण जिला जीप म्हणतों ती अमेरिकन लष्कराच्या कागदांत 'ट्रक, पाव टन' म्हणून नोंदलेली आहे. ती विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनीं एकाच नमुन्यावर बनविली, आणि दोघींच्या मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. नमुना एक असला तरी नांव घालण्याची रीत दोघींची दोन. विलीजनें सांगाड्याचा क्रमांक एका लहान पत्र्यावर उठवून तो पत्रा डाव्या तुळईच्या पुढच्या टोकास आंतल्या बाजूनें रिव्हेटांनीं जडविला. फोर्डनें तो डाव्या तुळईच्या माथ्यावर लोखंडांतच ठोकला. विलीजच्या इंजिनाचा व सांगाड्याचा क्रमांक मुळांतच वेगवेगळा असे, फोर्डचा मात्र एकच असे. ऐंशी वर्षांनंतर या दोन रीतींचें फळ दिसतें. रिव्हेट गंजून पत्रा पडला कीं विलीजची गाडी अनामिक होते. फोर्डची गंजली तरी तिचें नांव तिच्या हाडांत राहतें.

येथें आमच्या मुंबईचा संबंध येतो. जनरल मोटर्सनें १९२८ मध्यें शिवडी येथें कारखाना काढून शेव्हरोले मोटारी व मालमोटारी जुळविण्यास सुरुवात केली. तो १९५४ पर्यंत चालला. वालचंद हिराचंद यांनीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९४७ मध्यें डॉज मालमोटारी बाहेर पडूं लागल्या, आणि महिंद्र यांनीं माझगांवांत जीपगाड्या जुळविण्यास प्रारंभ केला. युद्ध संपल्यावर लष्करानें मोडीत काढलेल्या अमेरिकन व कॅनेडियन गाड्याहि बाजारांत आल्या. घाटावर माल वाहणाऱ्या जुन्या मालमोटारींचा वंश या चार वाटांनीं आलेला आहे. त्यांपैकीं ज्या आज उरल्या आहेत त्यांच्या मालकांपुढेंहि तोच प्रश्न उभा राहतो. कारण आपल्याकडील नोंदणीच्या दाखल्यावर चासी व इंजिन या दोहोंचेहि क्रमांक असतात, आणि दोहोंचाहि मेळ बसावा लागतो. चासीच्या क्रमांकावर पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासावयाची आणि उमटलेला छाप अर्जास जोडावयाचा, ही आमच्याकडील आर. टी. ओ. कचेऱ्यांची रीत पुष्कळ वाचकांनीं पाहिली असेल. १९२१ च्या सुमारास जन्मलेल्या गाडीस जें शास्त्र लागू, तेंच २०२१ च्या गाडीसहि लागू आहे. त्याच २०२१ सालीं हिंदुस्थान सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपांत राखलेल्या खासगी दुचाकी व चारचाकी मोटारींसाठीं स्वतंत्र नोंदणीचे नियम केले, आणि त्यांच्या पाटीवर 'व्हीए' हीं अक्षरें आलीं.

आतां शोधण्याच्या रीतीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. या कामांत घाई हाच मोठा शत्रू आहे. यंत्रावर फिरणारी घासणचक्की लावून गंज उडविण्याचा मोह अनेकांस होतो. त्यानें गंजाबरोबर क्रमांकहि उडतो, आणि शिवाय तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यास ती जागा मुद्दाम घासल्यासारखी दिसते. जाणते लोक प्रथम रॉकेलानें वंगणाचा व चिखलाचा थर भिजवून काढतात, मग रंग विरघळविणारें औषध लावतात, आणि शेवटीं तारेचा ब्रश हातानें, हलकेच चालवितात. जागा स्वच्छ झाली म्हणजे समोरून उजेड पाडूं नये. दिवा तुळईच्या पातळीस आणून एका बाजूनें तिरपा धरावा. उन्हें कलल्यावर जमिनीवरचे बारीक उंचवटेहि लांब सावल्या टाकतात, त्याच न्यायानें तिरप्या उजेडांत बुजत आलेल्या आंकड्यांचे काठ दिसूं लागतात. खडू चोळून वरचा पुसला तर खोलगट जागीं पांढरी रेघ राहते. कागद व पेन्सिल हा आमच्या कचेऱ्यांचा उपाय तर आहेच. इतकें करून पांच आंकडे स्पष्ट आणि दोन संशयित असे हातीं आले, तरी तीन व आठ, एक व सात यांची गल्लत होऊं नये म्हणून गिअरपेटीवरील क्रमांकाशीं ते ताडून पाहावे लागतात.

पण क्रमांक कोणी कानस लावून मुद्दाम घालविला असेल तर? येथें धातुशास्त्र मदतीस येतें, आणि आमच्या मतें या साऱ्या हकीकतींतील हा भाग सर्वांत मनोरम आहे. पोलादावर ठसा ठेवून हातोडा मारला म्हणजे वर दिसणारी खोलगट रेघ हा त्या आघाताचा केवळ एक अंश असतो. तिच्याखालीं कांहीं अंतरापर्यंत पोलादाचे कण दाबले जाऊन कठीण झालेले असतात. कानशीनें रेघ नाहींशी होते. दाबलेले कण तसेच राहतात. अशा पृष्ठभागास चकचकीत घासून त्यावर ताम्राचा क्षार व हायड्रोक्लोरिक आम्ल यांचें मिश्रण लावलें, तर दाबलेल्या आणि न दाबलेल्या कणांवर त्याचा परिणाम सारखा होत नाहीं, आणि गेलेले आंकडे डोळ्यांदेखत वर येऊं लागतात. फ्राय नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें पोलादांतील ताण दाखविण्यासाठीं असें मिश्रण १९२१ मध्यें पुढें आणलें. चोरांच्या कानशीवर तोच उतारा ठरला. आंकडे कांहीं वेळा क्षणभरच दिसतात, म्हणून छायाचित्रें घेण्याची तयारी आधीं करून ठेवतात. घाव ज्या खोलीपर्यंत पोहोंचला त्याहून खोल कानस गेली असेल, तर मात्र उपाय उरत नाहीं. ओतीव लोखंडावर हा प्रयोग पोलादाइतका सहज साधत नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे.

लोखंडावरील या अक्षरांचें सामर्थ्य जगास दिसलें तें दोन भयंकर प्रसंगीं. २६ फेब्रुवारी १९९३ रोजीं न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार-केंद्राच्या तळघरांत स्फोट होऊन सहा माणसें मेलीं. ढिगाऱ्यांत सांपडलेल्या गाडीच्या एका तुकड्यावर ओळखक्रमांक होता. त्यावरून ती न्यूजर्सींतील एका दुकानांतून भाड्यानें घेतलेली व्हॅन ठरली. आणि घेणारा मनुष्य, गाडी चोरीस गेली असें सांगून, आपली चारशें डॉलरांची अनामत परत मागावयास आला असतां पकडला गेला. पुढें १९ एप्रिल १९९५ रोजीं ओक्लाहोमा शहरांतील सरकारी इमारत उडविण्यांत येऊन १६८ जीव गेले. त्या वेळीं स्फोटांत दूर फेंकल्या गेलेल्या मागच्या आंसावर एक क्रमांक मिळाला, आणि त्यानें तपास कॅन्सस राज्यांतील जंक्शन सिटीच्या एका दुकानापर्यंत पोहोंचविला. ती मालमोटार भाड्यानें नेणाऱ्याचें नांव टिमोथी मॅक्व्हे असें निघालें. सबंध गाडीच्या चिंधड्या झाल्या, पण तिच्या हाडावर लिहिलेलें नांव शिल्लक राहिलें.

आजच्या गाड्यांपुढें जुना घोळ राहिलेला नाहीं. १९५४ पासून अमेरिकन कारखानदार इंजिनावर विसंबून न राहतां गाडीस स्वतंत्र ओळखक्रमांक देऊं लागले; तरी प्रत्येकाची रीत निराळीच होती. १९८१ सालापासून तेथें सतरा अक्षरांचा एकच सांचा सक्तीचा झाला. त्यांत एक व शून्य यांशीं घोटाळा होऊं नये म्हणून 'आय', 'ओ' व 'क्यू' हीं तीन रोमन अक्षरें वगळलेलीं आहेत, आणि नववें स्थान हें बाकीच्या सोळांचा गणिती पडताळा घेणारें आहे. एक अक्षर चुकीचें लिहिलें तरी बहुधा हिशेब जमत नाहीं. जुन्या मालमोटारींस हें भाग्य नाहीं. त्यांचे क्रमांक आंखूड, कारखान्यागणिक वेगळे, आणि आजच्या यंत्रगणकांच्या चौकटींत न बसणारे. खिडकीमागील तरुण कारकुनास सात आंकड्यांचा क्रमांक सांगितला कीं तो म्हणतो, "यांत दहा आंकडे कमी आहेत!" तेथें अर्जदाराचा दोष नसतो आणि कारकुनाचाहि नसतो.

अशा पेचांत सांपडलेल्या मनुष्यास एक मोह नेहमीं होतो. ठशांचा संच बाजारांत मिळतो. जुन्या कागदावरचा क्रमांक आपणच तुळईवर ठोकला तर कोणाचें काय बिघडलें? गाडी आपली, कागद आपला. मधली त्रुटी तेवढी आपण भरून काढली. हा युक्तिवाद वरकरणी गोड आहे, पण आम्हांस तो मुळींच मान्य नाहीं. क्रमांक बदलणें अमेरिकेंत १९८४ पासून मध्यवर्ती कायद्यानें गुन्हा आहे, एवढ्यावरूनच आम्ही हें म्हणत नाहीं. चोराचें कृत्य आणि या भल्या मनुष्याचें कृत्य यांत लोखंडास फरक कळत नाहीं. एकदां भल्यांनीं ठसे हातीं धरले, म्हणजे पुढें कोणत्याच गाडीच्या अंगावरील अक्षरांवर विश्वास ठेवावयास नको. ज्या साक्षीच्या बळावर दुसऱ्या कोणाची चोरीस गेलेली गाडी त्यास परत मिळते, ती साक्षच आपण बुडविली असें होतें. सरळ मार्ग लांबचा असला तरी आहे. अमेरिकेंत अनेक राज्यांचे अधिकारी स्वतः गाडी पाहून, तिच्यावर चोरीची नोंद नाहीं अशी खात्री करून, नवा सरकारी क्रमांक देतात. कांहीं ठिकाणीं मालकाकडून जामीन घेऊन दाखला देतात. सरकारनेंहि हा मार्ग जितका सोपा ठेवावा तितका त्या ठशांच्या संचाचा मोह कमी होईल.

आणि क्रमांक सांपडला म्हणजे? ज्यांनीं हा शोध केला आहे ते सांगतात कीं, त्या क्षणाचा आनंद इंजिन प्रथम सुरू झाल्याच्या आनंदाहून कमी नसतो. सांटा उचलला आहे, तिरपा दिवा धरला आहे, आणि काळ्या पोलादावर आधीं एक तारा, मग एकेक आंकडा उमटत जातो. ज्या कामगारानें तो ठोकला त्याचें नांव कोणत्याहि दप्तरांत नाहीं. एखादा आंकडा किंचित् तिरका पडलेला असतो, एखादा दोनदां मारलेला असतो. त्यावरून त्या दिवशीं त्याचा हात थोडा घाईंत होता एवढें मात्र कळतें. त्यानंतर नातू हातांतला जुना कागद उलगडतो आणि एकेक आंकडा मोठ्यानें वाचूं लागतो; दुसरा कोणी दिव्याशीं वाकून त्यास होकार देत जातो. अकबराच्या हजिरींत डाग व चेहरा ताडून पाहणाऱ्या मुनशांनीं याहून निराळें काय केलें असेल?